पाळी ‘जायला लागणं’ आणि पाळी ‘जाणं’

मेनोपॉज म्हणजे पाळी कायमची थांबणं, हे नवऱ्यांना ठाऊक असतं. सलग 12 महिने पाळी आली नाही की तो झाला असं धरतात. आपल्याकडे हे साधारण 46-47च्या सुमारास होतं.

घोळ आहे तो त्याआधीच्या काळाचा, पेरिमेनोपॉजचा. “अजून पाळी येतेय ना, मग मेनोपॉजचा त्रास कसला?” हे मी डोंबिवली लोकलमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. त्रास बहुतेकदा पाळी चालू असतानाच सुरू होतो, चाळिशीत, आणि काही वर्षं चालतो. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन सरळ उतरत जात नाही, ते वरखाली होत राहतं. ज्या महिन्यात स्त्रीबीज सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे अस्तराला आवर घालणारं हार्मोन पुरेसं तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि मग अंगावरून आठ-आठ दिवस जातं. पुढे दोन महिने काहीच नाही. पहाटे तीनला गाऊन घामाने भिजतो, झोप मोडते, रोजचा शब्द ओठावर येत नाही. याला ‘मूड स्विंग्ज’ म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही.

माझ्या बायकोच्या रक्तातली हार्मोन्स एकदा नॉर्मल आली, तेवढ्यावर वर्षभर मी “तुला काही झालेलं नाही” म्हणत राहिलो. चुकलोच. या काळात ती पातळी दिवसागणिक बदलते, एका रिपोर्टवरून काही ठरत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासा.

हा फरक कळला की वागणंही बदलतं. पाळी लांबली म्हणून गर्भनिरोधन सोडू नका, दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं, नंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. पेरिमेनोपॉजमध्ये तारखा पुढेमागे होणारच. पण तासातासाला पॅड बदलावं लागत असेल तर डॉक्टरकडे चला. मेनोपॉज झाल्यावर मात्र एक डाग दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचंच, “उष्णता झाली असेल” म्हणून थांबायचं नाही.

म्हणून शेवटच्या पाळीची तारीख नवऱ्यालाही माहीत हवी. आमच्या कालनिर्णयवर खुणा आता मीही करतो. नऊ महिने कोरे गेले होते. दहाव्यात पुन्हा खूण झाली, आणि बारा महिन्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.