ईएससी (रेसिंग क्वाडकॉप्टर)

बॅटरीचा डीसी करंट घेऊन तो ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींना ठरलेल्या क्रमाने देणारं सर्किट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, बोलताना सगळे ईएससीच म्हणतात. क्वाडला, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनला, चार मोटरी म्हणून चार ईएससी. पूर्वी ते फ्रेमच्या एकेका आर्मवर (हातावर) बसवायचे, आता बहुतेक वेळा चारही एकाच बोर्डावर येतात.

सुरुवात कुठून धरायची यावर मतभेद आहेत. काही जण १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी यांनी ब्रशऐवजी सॉलिड-स्टेट स्विचिंगवर चालणाऱ्या डीसी मोटरवर लिहिलेल्या पेपरपासून इतिहास मांडतात, तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण क्वाडचा ईएससी म्हणून बघितलं तर २०१०च्या दशकाची सुरुवात धरणं जास्त पटतं, कारण आरसी (रिमोट-कंट्रोल) विमानांचे ईएससी थ्रॉटलचे, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याच्या आदेशाचे, बदल मुद्दाम संथ करून मोटरपर्यंत पोचवायचे आणि क्वाडला नेमकं उलटं लागतं, तर सायमनके या फर्मवेअरने (ईएससीच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरने) तो संथपणा काढून टाकला आणि मग बीएलहेली हे दुसरं फर्मवेअर आलं.

खरी कमाल अशी की ईएससीला रोटर कुठे आहे ते सांगणारा सेन्सरच नसतो. तीनपैकी दोन वायरींत करंट सोडायचा आणि तिसऱ्या मोकळ्या वायरीवर फिरत्या मॅग्नेटमुळे तयार होणारं व्होल्टेज कधी शून्य ओलांडतं ते बघायचं, त्यावरून पुढचं स्विचिंग ठरतं. १४ मॅग्नेटची १७५० केव्ही मोटर (केव्ही म्हणजे इथे दर व्होल्टमागे आरपीएम, मिनिटाला फेरे), पूर्ण चार्ज ६एस (एकापुढे एक जोडलेल्या सहा सेलची) बॅटरी म्हणजे २५.२ व्होल्ट: विनालोड ४४,१०० आरपीएम, सात पोल-जोड्या, दर जोडीमागे सहा टप्पे, म्हणजे सेकंदाला ३०,८७० वेळा स्विचिंग, दोन टप्प्यांमधलं अंतर जेमतेम ३२ मायक्रोसेकंद. (प्रॉप म्हणजे पंखा लावल्यावर आकडा बराच खाली येतो.) हा मेळ चुकला की डीसिंक होतो, मोटर किंचाळल्यासारखा आवाज करून थांबते आणि क्वाड हवेतच पलटी खातो. बॅटरी लावल्यावर जी बीप-बीप ऐकू येते तीही बझरची नसते, मोटरचं वाइंडिंगच वाजवलं जातं.

वेग वाढवण्याइतकंच तो झटकन कमी करणंही महत्त्वाचं, म्हणून थ्रॉटल सोडला की ईएससी मोटरला ब्रेक लावतो.

क्वाडचा तोल सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डाकडून, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरकडून, येणारा सिग्नल आधी १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा पल्स होता, वनशॉट१२५ या पुढच्या सिग्नल-पद्धतीत तो १२५ ते २५० झाला. डीशॉट मात्र डिजिटल: १६ बिट, त्यातले ११ थ्रॉटलचे, एक टेलिमेट्रीचा (ईएससीकडून माहिती परत मागवण्याचा), चार चेकसमचे (सिग्नल बिघडला का ते तपासण्याचे), आकडा थेट पोचतो त्यामुळे कॅलिब्रेशनची, म्हणजे पल्सची कमाल-किमान लांबी ईएससीला शिकवण्याची, कटकटच गेली. दुतर्फा डीशॉटमध्ये मोटरचा आरपीएम परत मिळतो आणि बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या फर्मवेअरमधला, मोटरच्या कंपनांचा गोंधळ गाळणारा आरपीएम फिल्टर त्यावरच चालतो.

बीएलहेलीची पुढची आवृत्ती बीएलहेली_३२ क्लोज्ड-सोर्स (कोड खुला नसलेलं) होतं, २०२४ मध्ये ते बंद पडल्यावर एएम३२ या ओपन-सोर्स फर्मवेअरकडे ओढा वाढला. अँपिअरचे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने देते, बर्स्ट रेटिंग (काही क्षणच झेपणारा करंट) तर फारच मनाजोगतं, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर तुलना करू नये. बॅटरीच्या पॅडवर लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेला) कपॅसिटर लावायलाच हवा, ६एससाठी ३५ व्होल्टचा.