अकरावी-बारावीला राज्यशास्त्र घ्यायचे असल्यास : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

दहावीपर्यंत राज्यशास्त्र हे इतिहासाच्या सोबतीने येते. एकाच पेपरात इतिहासाचे प्रश्न आधी, आणि शेवटच्या काही प्रश्नांपुरते राज्यशास्त्र, अशी त्याची जागा असते. अकरावीत मात्र तो १०० गुणांचा स्वतंत्र विषय होतो. त्यातील ८० गुण लेखी परीक्षेला असतात आणि २० गुण महाविद्यालयात होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी, ती अशी की प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात शाखा, माध्यम आणि महाविद्यालय निवडता येते. विषय निवडता येत नाही. तो ठरतो प्रवेश निश्चित करताना, महाविद्यालयाच्या खिडकीवर, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

पात्रतेची अट साधी आहे. मान्यताप्राप्त मंडळाची दहावीची परीक्षा उत्तीर्ण असावे लागते. राज्य मंडळाच्या परीक्षेत एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो, फक्त राहिलेले विषय त्याला पुढे सोडवावेच लागतात. राज्यशास्त्रासाठी म्हणून वेगळ्या किमान गुणांची अट मंडळाने घातलेली नाही. कला शाखेत इंग्रजी अनिवार्य असते, त्याच्या जोडीला दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय घ्यायचे असतात, आणि या चारांपैकी एक राज्यशास्त्र असते. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे विषय सर्वांनाच असतात.

प्रत्यक्षात मात्र हे चार विषय विद्यार्थ्याच्या मनासारखे मिळतातच असे नाही. प्रत्येक महाविद्यालयाला ज्या विषयांची मान्यता आहे आणि ज्या विषयांना शिक्षक आहे, त्यांचेच गट तिथे चालतात. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र असा एक गट अनेक ठिकाणी आढळतो, तर काही ठिकाणी राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र वेळापत्रकात एकाच तासाला ठेवलेले असल्यामुळे दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी, यादीतील वरच्या तीन-चार महाविद्यालयांत तरी, स्वतः जाऊन किंवा दूरध्वनी करून राज्यशास्त्र शिकवले जाते का, कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या विषयांच्या जोडीने, हे विचारून घ्यावे. माहितीपत्रकात छापलेला विषय विद्यार्थिसंख्येअभावी त्या वर्षी बंद असू शकतो, त्यामुळे नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

अर्ज कसा भरावा

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या महापालिका क्षेत्रांपुरती होती. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, दहावीचे गुण आणि आरक्षणाचा तपशील भरायचा असतो; दुसऱ्या भागात किमान एक व कमाल दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यायचे असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही तिथे प्रवेश न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. राज्यशास्त्र नसलेले महाविद्यालय केवळ नावाकडे पाहून पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्याला हा नियम फार महागात पडतो. इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतील विद्यार्थ्यांसाठीचा), व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्यातील प्रवेश मात्र संबंधित महाविद्यालयाच्या पातळीवर होतात.

कागदपत्रांत दहावीचे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला सर्वांना लागतो. राखीव जागेवर दावा करणाऱ्याला जातीचे प्रमाणपत्र, आणि इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातून अर्ज करणाऱ्याला त्यासोबत चालू काळात वैध असलेले नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र जोडावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थ्याला त्या घटकाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. दिव्यांग, खेळाडू, माजी सैनिकांचे पाल्य, प्रकल्पग्रस्त किंवा बदली झालेल्या कर्मचाऱ्यांचे पाल्य यांना आपापला दाखला द्यावा लागतो. ही प्रमाणपत्रे तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून मिळायला दिवस लागतात आणि जूनमध्ये तिथे रांगा लागतात, म्हणून निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज करून ठेवलेला बरा. इतर राज्याच्या मंडळातून दहावी झालेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणावे लागते आणि विभागीय मंडळाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते काम महाविद्यालयामार्फत होते, पण पाठपुरावा विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

विषय निवड आणि तिची खातरजमा

प्रवेश निश्चित करताना महाविद्यालय विषय निवडीचा फॉर्म भरून घेते. खिडकीवर गर्दी असते, मागचा माणूस घाई करत असतो, आणि अशा वेळी लिपिकाने आपल्या सोयीने गटावर खूण केली तरी विद्यार्थी मान डोलावून सही करतो. सही करण्यापूर्वी राज्यशास्त्रासमोर खूण आहे ना हे वाचून पाहावे आणि फॉर्मची प्रत मागून घ्यावी. पुढे बारावीत विषय बदलायचा झाल्यास महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाची परवानगी काढावी लागते, आणि अकरावीत न शिकलेला विषय बारावीत घेणाऱ्याला दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात करावा लागतो.

दुसरी तपासणी बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना होते. नियमित विद्यार्थ्यांचे अर्ज महाविद्यालयच मंडळाकडे ऑनलाइन भरते आणि त्यानंतर येणाऱ्या प्रीलिस्टवर, म्हणजे भरलेला तपशील तपासण्यासाठीच्या यादीवर, विद्यार्थ्याची सही घेते. या यादीत विषयाचे नाव शोधत बसण्यापेक्षा सांकेतांक पाहावा. राज्यशास्त्राचा सांकेतांक ४२, इतिहासाचा ३८, समाजशास्त्राचा ४५ आणि अर्थशास्त्राचा ४९ असा आहे. एका विद्यार्थिनीच्या प्रीलिस्टमध्ये ४२ च्या जागी ४५ पडलेले मी स्वतः पाहिले आहे. तिने सही करण्याआधी बोट ठेवले म्हणून दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. तीच चूक हॉल तिकीट हाती आल्यावर सापडली असती, तर मंडळाच्या कार्यालयात खेटे घालावे लागले असते.

राज्यशास्त्राची पदवी घेण्यासाठी किंवा स्पर्धा परीक्षांसाठी बारावीला हा विषय असणे सक्तीचे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दिल्ली विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांचे मात्र वेगळे आहे, कारण तिथल्या प्रवेशासाठी सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा बारावीत शिकलेल्या विषयांतूनच द्यावी लागते.

शाळा मध्येच सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून खाजगीरीत्या बारावीला बसता येते. दहावी उत्तीर्ण झाल्यानंतर दोन वर्षांचा खंड ही त्याची मुख्य अट आहे. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत मूळ कागदपत्रांसह नेमून दिलेल्या महाविद्यालयात द्यावी लागते. आधीच बारावी उत्तीर्ण झालेल्या आणि आता राज्यशास्त्र एवढाच विषय हवा असलेल्या व्यक्तीला तो ‘तुरळक विषय’ म्हणून घेता येतो, आणि त्याचा अर्जही पूर्वी शिकलेल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच जातो.