परदेशी गेलेल्या पूर्वजाचा शोध : कागद आणण्याआधी हे वाचावे

पणजोबांचा धाकटा भाऊ दुष्काळात घर सोडून गेला. कुणी म्हणे मोरसला, कुणी म्हणे आफ्रिकेत. एक-दोन पत्रं आली, मग काहीच नाही. थोड्याफार फरकाने हीच हकिगत घेऊन नागपूर, वर्धा, भंडाऱ्याची कुटुंबं आमच्याकडे येतात. मोडी वाचन, जुन्या महसुली नकला आणि जातपडताळणीचे पुरावे शोधणं हे आमचं रोजचं काम आहे. परदेशी गेलेल्या माणसाचा माग काढणं त्यातूनच सुरू झालं आणि आज तेच काम आम्ही सर्वांत जीव लावून करतो. कोतवाल बुक (गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी), दाखल-खारीज (शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही), अधिकार अभिलेख पंजी (जमिनीच्या हक्कांची नोंदवही) हे शब्द आमच्या बोलण्यात नेहमी येतात.

आमची विनंती एकच आहे. वंशावळ नीटनेटकी करून आणू नका.

हल्ली बहुतेक जण टाइप केलेला कागद घेऊन येतात. समजा त्यावर असं लिहिलेलं असतं : "सखाराम रामाजी वानखेडे, जन्म 1871, नागपूर. 1894 मध्ये नेटालला गेले." नेटाल म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली तेव्हाची इंग्रज वसाहत. वाचायला छान वाटतं. मग आम्ही एकेक गोष्ट विचारत जातो. 1871 कुठून आलं? इंटरनेटवर बोटीची यादी सापडली, त्यात वय तेवीस होतं, ते वजा केलं. नागपूर? तेही यादीतलंच. वानखेडे? आमचं आडनाव तेच आहे ना! आजी नक्की काय सांगायची? "सखाराम बोटीने गेला आणि उसाच्या मळ्यावर होता," एवढंच. म्हणजे घरातून आलेल्या गोष्टी दोन, आणि बाकी सगळं त्याच नावाच्या कुणा दुसऱ्याचं असू शकतं. पण कागदावर सगळं एकाच शाईत, एकाच ठामपणे उतरलेलं असतं. ऐकलेलं कोणतं आणि शोधलेलं कोणतं हे वेगळं करण्यातच आमचे सुरुवातीचे दिवस जातात, आणि त्याचे पैसे अखेर आपल्यालाच भरावे लागतात.

म्हणून घरात जे बोललं जायचं ते त्याच शब्दांत लिहून आणा. कोण सांगायचं, त्यांना कुणी सांगितलं होतं, हेही लिहा. दोन काकांच्या हकिगती जुळत नसतील तर दोन्ही लिहा, त्यांचा मेळ घालू नका. इंटरनेटवर मिळालेलं दुसऱ्या कागदावर ठेवा. "मोरस" असा शब्द घरात होता का, हे आठवून पाहा. जुनी माणसं मॉरिशसला मोरस म्हणत, मोरस साखर तिथलीच. पुढे कुणी त्याचं "आफ्रिका" करून टाकलं असेल, तर शोध चुकीच्या बंदरावर जातो.

"बोटीने गेला" यावरूनही लगेच समुद्र धरू नका. मध्यप्रांतातून (इंग्रजांच्या काळी नागपूर ज्यात होतं तो प्रांत) चहामळ्यांवर आसामला गेलेल्यांची संख्या मोठी होती. ती माणसं गोआलंदोला (आजच्या बांगलादेशातलं नदीबंदर) आगबोटीत बसून ब्रह्मपुत्रेतून वर जात. त्यांच्या घरच्यांना तीही बोटच. अशा माणसाचं नाव नेटालच्या यादीत कितीही शोधलं तरी सापडायचं नाही, आणि सापडलंच तर ते दुसऱ्या कुणाचं असेल.

आडनाव आणि "नागपूर"

गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, गेलेल्यांच्या याद्यांत आडनावाचा रकाना नव्हता. नेटालच्या यादीत क्रमांक, स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, जिल्हा, ठाणं, गाव आणि अंगावरची खूण लिहिलेली असते. 1860 ते 1911 या काळात दीड लाखावर माणसं अशी नोंदली गेली. आपल्याकडच्या जुन्या कागदांत "सखाराम वल्द रामाजी" (रामाजीचा मुलगा सखाराम) असतं, तसंच ते आहे. त्यामुळे वानखेडे घालून शोधलं तर एक तर काहीच येत नाही, नाहीतर जे येतं ते फार उशिराच्या काळातलं असतं. मॉरिशसमध्ये तर पहिल्या पिढीच्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालेलं दिसतं. म्हणून तिकडे राहिलेली शाखा आज आपलं आडनाव लावत असेल, अशी आशा धरू नये.

नावं लिहून घेणारा कारकून मराठी नव्हता. कलकत्त्याच्या डेपोत, म्हणजे बोटीत चढण्याआधी मजुरांना ठेवत त्या तळावर, आपला "ळ" ऐकणारं कुणी नव्हतं, तेव्हा बळीचा बाली झाला आणि काळूचा कालू. वय अंदाजाने टाकलेलं असे, त्यामुळे तेवीस आणि तीस यांत फरक आहे म्हणून आम्ही माणूस बाद करत नाही. बापाचं नाव, गाव आणि अंगावरची खूण यांवर मात्र आम्ही अडून बसतो.

आता आपल्या गावाच्या नावाविषयी. यादीत "नागपूर" दिसलं की घरात आनंद होतो, पण त्या काळातल्या कलकत्त्याच्या कागदांत नागपूर म्हणजे बहुतेकदा छोटा नागपूर, म्हणजे रांचीकडचा डोंगराळ मुलूख. 1834 पासून मॉरिशसला आणि 1838 मध्ये ब्रिटिश गयानाला गेलेल्या पहिल्या तुकड्यांत तिकडचे आदिवासी पुष्कळ होते आणि इंग्रजी कागदांत त्यांना "धांगर" म्हटलेलं आहे. ते उरांव वगैरे लोक होते. आपल्याकडच्या मेंढपाळ धनगरांशी त्यांचा संबंध नाही. नागपूर आणि धांगर हे दोन शब्द एका ओळीत पाहून आपल्या घराण्याचा माणूस मिळाला असं मानून बसलेल्या कुटुंबांना हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं. तरी सांगावंच लागतं, कारण त्या नोंदीमागे रांचीकडचं एखादं खरं कुटुंब असतं आणि तो माणूस त्यांचा असतो.

जिल्हाही आजचा धरू नका. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपुरातून वेगळा झाला, गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. चंद्रपूर जुन्या कागदांत चांदा म्हणूनच सापडेल. शिवाय मजुराला परदेशी जाण्यासाठी मिळणाऱ्या परवान्यावर दोन जागा असतात, माणसाचं गाव आणि नोंदणी झाली ते ठिकाण. भरती झाली त्या जिल्ह्यात अधिकाऱ्यापुढे नोंदणी होत असे. रायपूरकडचा माणूस नागपुरात नोंदला गेला असेल, किंवा आपला माणूस थेट कलकत्त्याला. नोंदणीचं ठिकाण गाव समजून पुढे गेलेले शोध आमच्याकडे बरेच येतात.

बंदर ठरवताना आम्ही आधी रेल्वे पाहतो. मुंबईची लाइन नागपूरला 1867 मध्ये आली. बंगाल-नागपूर रेल्वे 1891 मध्ये आसनसोलपर्यंत गेली आणि कलकत्त्याचा रस्ता जवळ आला. मध्यप्रांतातले मोठे दुष्काळ 1896-97 आणि 1899-1900 चे. त्या दुष्काळांत घर सोडलेला माणूस असेल तर आम्ही मुंबईच्या आधी कलकत्ता पाहतो. ग्राहकांना हे उलटं वाटतं, कारण मराठी माणूस म्हणजे मुंबई बंदर असं मनात पक्कं बसलेलं असतं. मुंबईहून मॉरिशसला गेलेले मराठी लोक मुख्यतः रत्नागिरी, साताऱ्याकडचे होते.

वर्तमानपत्रं काय देतात

यादीत माणूस मिळाला की तो बंदरावर उतरल्याचं कळतं. त्यापुढचं आयुष्य वर्तमानपत्रांत आणि राजपत्रांत विखुरलेलं असतं. साध्या मजुराचं नाव छापून यायचे प्रसंग थोडेच होते. कोर्टातला खटला, अपघात, बोट फुटणं, किंवा वारस न मिळालेल्या मृताच्या मालमत्तेची सरकारी जाहिरात. ही जाहिरात सापडली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, कारण तिच्यात बापाचं नाव आणि गाव असण्याची शक्यता असते.

दक्षिण आफ्रिकेसाठी आम्ही गांधीजींचं "इंडियन ओपिनियन" नेहमी पाहतो. ते 1903 मध्ये नेटालमध्ये सुरू झालं. सत्याग्रहाच्या वर्षांत पकडल्या गेलेल्यांची नावं त्यात छापून येत. फिजीसाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जुनी वर्तमानपत्रं उपयोगी पडतात. ती इंटरनेटवर फुकट पाहता येतात, आमच्याकडे न येताही आपण पाहू शकता. मे 1884 मध्ये "सिरिया" ही गिरमिटियांची बोट फिजीजवळच्या खडकावर फुटली आणि 59 जण गेले. त्याच्या बातम्या तिथे आहेत. आपल्या माणसाची बोट कोणती हे कळलं, तर रोजच्या जहाजांच्या रकान्यावरून ती कधी निघाली आणि कधी लागली हे पडताळता येतं.

इकडच्या पत्रांचं वेगळं आहे. नागपुरात "हितवाद" 1911 मध्ये आणि ओगल्यांचं "महाराष्ट्र" 1914 मध्ये निघालं, तेव्हा त्याआधीच्या काळासाठी पुण्या-मुंबईची पत्रं चाळावी लागतात. त्यांत मजूर क्वचितच येतो, पण विलायतेस शिकायला किंवा नोकरीवर गेलेला माणूस हमखास येतो. जाताना, परतताना आणि मृत्यूनंतर. जुन्या देवनागरी छपाईत यंत्राने शब्द शोधणं अजून भरवशाचं नाही. पान न पान डोळ्यांनी पाहावं लागतं, म्हणून "एवढा वेळ का?" असं विचारणाऱ्यांना आम्ही एकदा शेजारी बसवून एका महिन्याची फाइल चाळायला देतो.

घरात कात्रण असेल तर कापून, चिकटवून, लॅमिनेशन करून आणू नका. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. कात्रणाची मागची बाजू आम्हाला पुढच्या बाजूइतकीच हवी असते. मागे कापसाचा भाव, नाटकाची जाहिरात किंवा अर्धवट बातमी असते आणि पुष्कळदा तारीख त्यावरूनच लागते. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काही तसाच महत्त्वाचा. पत्र जपून ठेवलं आणि पाकीट फेकलं असं फार घरांत झालेलं आहे, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी एकदा पाहून घ्या. तारखेपुढे शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुन्या महसुली कागदांतला) सन असेल तर 590, आणि मूळ आकडा खोडू नका.

आमच्या पद्धतीबद्दल

आम्ही शोधाचे पैसे घेतो, सापडण्याचे नाही. ही अट काहींना जाचक वाटते. पण सापडल्यावरच पैसे घ्यायचे ठरवलं तर शोधणाऱ्याला जुळणारं नाव "सापडवायची" घाई होते आणि चुकीचा माणूस आपल्या देवघरात जाऊन बसतो. कोणत्या याद्या, कोणत्या वर्षांची कोणती पत्रं पाहिली आणि त्यांत काही मिळालं नाही, हे आम्ही लेखी देतो. उद्या आपण दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी ते काम वाया जात नाही. अहवालात "बहुधा" हा शब्द दिसला तर तो काढून टाकायचा आग्रह धरू नका. बाप, गाव आणि काळ ही तिन्ही दोन स्वतंत्र कागदांत जुळल्याशिवाय आम्ही तो काढत नाही.

इकडची बाजू आम्ही नेहमी आधी पाहतो. मागे राहिलेल्या भावाच्या नावावर जमीन कधी चढली, फेरफारात काय कारण दिलं, शाळेच्या दाखल-खारीजमध्ये मुलाचा पालक म्हणून कुणाचं नाव लागलं, यावरून माणूस गेल्याचं वर्ष बरंच जवळ आणता येतं. हे काम नागपुरात बसून होतं आणि स्वस्तात होतं. परदेशातून प्रती मागवणं महाग आहे. मॉरिशसची कागदपत्रं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, काही माणसांची छायाचित्रंसुद्धा. पण तिथे लिहिताना नाव, बापाचं नाव आणि अंदाजे वर्ष हाताशी नसेल तर पत्राला अर्थ राहत नाही. सुरीनामला गेलेल्या चौतीस हजारांवर माणसांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली ठेवली आहे. ती आपण स्वतः पाहून आलात तर चांगलंच, फक्त पाहिलेली नोंद जशीच्या तशी छापून आणा, हाताने उतरवू नका.

पहिली भेट आणि कागदांचं प्राथमिक वाचन यासाठी आम्ही पैसे घेत नाही. येताना मूळ कागद आणा, झेरॉक्स चालत नाही. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, आपल्यासमोर फोटो काढून लगेच परत देतो. घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती सोबत येऊ शकत असेल तर अवश्य आणा. जिना चढायला त्रास असेल तर आधी कळवा, आम्ही घरी येऊ. मोडीतलं पत्र असेल तर त्याच दिवशी वाचून दाखवतो, लेखी लिप्यंतराला मात्र चार-आठ दिवस लागतात.