मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी : पैसे कुठे घालावेत?

पन्नाशी उलटली की आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास विचारलं जातं : आतड्याच्या कॅन्सरसाठी स्टूल टेस्ट करू, की एकदाची दुर्बीण घालून मोकळं होऊ? पहिलीचं बिल शेकड्यांत होतं, दुसरीचं हजारांत. पण नुसत्या बिलावरून हिशेब लागत नाही.

हा कॅन्सर बहुतेकदा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेल्या मोडापासून होतो आणि त्याला सहसा बरीच वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोड दिसतो आणि तिथल्या तिथे काढताही येतो. म्हणून ती नॉर्मल आली की साधारण दहा वर्षं पुरते. ‘फिट’ ही स्टूल टेस्ट डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. मोडातून रोज रक्त येत नाही, त्यामुळे ती दरवर्षी किंवा वर्षाआड करावी लागते. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात 65 कॅन्सरपैकी 48 एकाच वेळच्या फिटमध्ये सापडले. शौचातल्या पेशींचे जनुकीय बदलही तपासणाऱ्या, कितीतरी महागड्या डीएनए स्टूल टेस्टने 60 पकडले, पण निरोगी माणसांनाही तिने जास्त वेळा पॉझिटिव्ह ठरवलं. अशा प्रत्येकाला मग दुर्बिणीचा खर्च आणि जिवाला घोर.

मग दुर्बीणच सरस? स्पेनमध्ये 57 हजारांवर लोकांवर हे पाहिलं गेलं. एका गटाला एकदाच कोलोनोस्कोपीला बोलावलं, दुसऱ्याला वर्षाआड फिटला. पहिल्या गटातले शंभरात सुमारे 32 आले, दुसऱ्यातले 40. दहा वर्षांत या कॅन्सरने दगावलेले अनुक्रमे 0.22 आणि 0.24 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. दुर्बिणीआधी जुलाबाचं औषध पिऊन दिवस घालवायला माणसं कां कूं करतात, यात नवल नाही.

फिटचा खरा खर्च मात्र पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर सुरू होतो. नेदरलँड्सने 2014 मध्ये देशभर फिट सुरू केली तेव्हा ग्रॅमभर शौचामागे रक्तातलं 15 मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा धरली होती. इतके लोक पॉझिटिव्ह निघाले की कोलोनोस्कोपीच्या जागा पुरेनात. त्याच वर्षी मर्यादा 47 वर नेली. इंग्लंडने 2019 मध्ये सुरुवातच 120 वर केली. टेस्ट तीच, पण हा एक आकडा हलला की पुढचा सगळा खर्च हलतो. म्हणून आम्ही रिपोर्टवर तुमचा आकडा आणि मर्यादा दोन्ही छापतो.

आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो कमी आढळतो. सरसकट सगळ्यांना तपासलं तर एक रुग्ण सापडेपर्यंत फार पैसा जातो. त्यात मूळव्याधीच्या रक्तानेही फिट पॉझिटिव्ह येऊ शकते. थोडक्यात, खर्च तुमच्याच खिशातून. त्यामुळे आमचं स्पष्ट सांगणं : पॉझिटिव्ह आल्यावर दुर्बिणीला जायची तयारी नसेल, तर फिटवरही पैसे घालू नका.

‘फुल बॉडी’ पॅकेजमधल्या सीईए या रक्ततपासणीवर तर नकोतच. ती कॅन्सर झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी आहे. निरोगी माणसात कॅन्सर हुडकायला तिचा भरवसा नाही. आमच्याकडे ती डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच होते. (यात आमचं थोडं नुकसान आहे, चालायचंच.)

शौचातून रक्त दिसतंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी झालंय किंवा शौचाची सवय अचानक बदलली आहे, तर फिट न करता थेट डॉक्टरांकडे जा. ‘मूळव्याधच असेल’ हे घरी ठरवू नका. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर पन्नाशीची वाट न पाहता दुर्बिणीबद्दल विचारा.

फिटसाठी उपाशी राहावं लागत नाही, मटण-मासेही बंद करायला नकोत. नमुन्यात लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नका. उष्णतेने नमुन्यातलं रक्त विघटित होतं आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. इटलीत फ्लोरेन्सला उन्हाळ्यात पॉझिटिव्ह निकाल कमी आल्याची नोंद आहे. आपला एप्रिल-मे तर विचारूच नका. सकाळी घेतलेला नमुना सकाळीच पोहोचवा, आणि बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका.