सीएनजी गाडी, थंडीची सकाळ आणि पेट्रोलची रिकामी टाकी
(आमच्या सीएनजी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी सरली आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे पहाटेचा पारा उतरायला लागला की आमच्या वर्कशॉपचा फोन सकाळी सातपासून वाजू लागतो. प्रश्न ठरलेले असतात. गाडी गॅसवर जातच नाही. काल टाकी फुल केली आणि आज काटा खाली आलाय, गळती आहे का? स्टार्टर फिरतोय पण गाडी उचलत नाही, किट गेलं का?

यातल्या बहुतेक गाड्यांचं किट ठणठणीत असतं. गाडी टो करून येते, आम्ही वायरिंग, रिड्यूसर, गॅस इंजेक्टर सगळं तपासतो आणि शेवटी दोष सापडतो तो पेट्रोलच्या टाकीत. तुमचा दिवस वाया जातो, टोचा खर्च वेगळा, आणि रांगेतल्या दुसऱ्या गाड्याही खोळंबतात. म्हणून ही माहिती एकदा नीट वाचून गाडीत ठेवा.

गाडी सुरू पेट्रोलवरच होते

आम्ही बसवतो त्या सिक्वेन्शियल (इंजेक्टरने क्रमाक्रमाने गॅस देणाऱ्या) किटमध्ये गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन गरम झाल्यावर आपोआप गॅसवर जाते. हे कारणाशिवाय केलेलं नाही. सिलिंडरमध्ये गॅस 200 बार दाबाने भरलेला असतो. इंजेक्टरला तो जेमतेम दोन-तीन बारवर लागतो. दाब उतरवायचं काम रिड्यूसर करतो, आणि दाब एकदम उतरला की गॅस थंड पडतो. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना व्हॉल्व्हला बोट लावलं की गार लागतं, तोच प्रकार, फक्त कितीतरी पट मोठा. रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनचं गरम कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव) त्यातून फिरवलेलं असतं. सकाळी कूलंटच गार, मग रिड्यूसरला ऊब कुठून मिळणार? तेवढी पहिली काही मिनिटं गाडी पेट्रोलवर चालवणं हाच उपाय आहे.

गॅस स्वतः गोठत नाही, हेही सांगून ठेवतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याचा द्रव व्हायला उणे 161 अंश लागतात. तेवढी थंडी पृथ्वीवर कुठेच पडत नाही. गोठतो तो गॅसमधला किंचित ओलावा, आणि ताठरतो तो रिड्यूसरमधला रबरी पडदा.

सगळ्यात महागात पडणारी चूक

"सीएनजी आहे ना, मग पेट्रोल कशाला?" असं म्हणून बरेच जण टाकीत शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकतात आणि महिनोन् महिने रिझर्व्हचा दिवा लागलेलाच ठेवतात. पैसे वाचवायला गॅस बसवला, मग पेट्रोलवर खर्च नको, हा विचार आम्हाला समजतो. पण त्याने होतं काय ते पाहा.

फ्युएल पंप पेट्रोलच्या टाकीतच बुडवलेला असतो. त्याला गार ठेवण्याचं आणि वंगण पुरवण्याचं काम ते पेट्रोलच करतं. बाहेरून बसवलेल्या किटच्या अनेक गाड्यांमध्ये गॅसवर चालतानाही हा पंप फिरत राहतो, फक्त पेट्रोल इंजिनात जात नाही. टाकी तळाला गेली की पंप उघडा पडतो, तापतो, आणि एक दिवस बंद होतो. पंप गेला म्हणजे गाडी सुरूच होत नाही, सिलिंडर गॅसने भरलेला असला तरी.

दुसरी गोष्ट, आता आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, आणि हवा जास्त तितकी ओल जास्त. पावसाळाभर हे चालू राहतं. थंडी पडली की त्याच मिश्रणाची पाणी सामावून घेण्याची ताकद कमी होते, आणि पाणी फार झालं असेल तर ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाला बसतं. पंप ओढतो तो तळातूनच. त्यातच जुन्या पेट्रोलमधला पटकन वाफ होणारा हलका भाग उडून गेलेला असतो, आणि थंड इंजिन पेटायला नेमका तोच लागतो. मग स्टार्टर मारून मारून बॅटरीही बसते.

तिसरी गोष्ट, पेट्रोल इंजेक्टर महिनोन् महिने वापरात आले नाहीत तर त्यांच्या तोंडाशी चिकट थर जमतो. गाडी सुरू झाली तरी धडधडते, मिसिंग करते. ग्राहक म्हणतो, किट बसवल्यापासून असं होतंय. गॅसवर टाकली की गाडी गुळगुळीत चालते, यावरूनच कळावं की दोष गॅसच्या बाजूला नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: टाकी पावभर तरी भरलेली ठेवा. रोज सकाळी गाडी आपली आपण गॅसवर जाईपर्यंत धीर धरा. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, आणि दर दीड-दोन महिन्यांनी टाकीतलं पेट्रोल नवं होईल असं बघा. यासाठी लागणारं पेट्रोल आणि नव्या फ्युएल पंपाचं बिल शेजारी ठेवून बघा, मग आमचं म्हणणं पटेल.

नव्या काही कंपनी फिटेड गाड्या थेट गॅसवर सुरू होतात. त्यांची रचनाच तशी केलेली असते. ते पाहून आपल्या गाडीत स्विच दाबून जबरदस्तीने गॅसवर स्टार्ट करू नका. ती सोय फक्त अडचणीच्या वेळेसाठी आहे. रोज तसं केलं तर रिड्यूसरचा पडदा लवकर फाटतो.

"गॅसवर जायचं तापमान कमी करून द्या"

ही मागणी दर हिवाळ्यात होते. आम्ही ती करत नाही, आणि काही ग्राहकांना राग येतो. लॅपटॉप जोडून आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, पण साधारण चाळीस अंशांची मर्यादा आम्ही विचार करूनच ठेवतो. ती वीस-पंचवीसवर आणली तर गाडी कोपऱ्यावरच गॅसवर जाईल, महामार्गाला लागल्यावर पाय दाबला की रिड्यूसर गार पडेल, आणि गाडी ऐन ओव्हरटेकमध्ये झटका देऊन पेट्रोलवर परत येईल. वाचलेल्या पेट्रोलपेक्षा हा धोका मोठा आहे. दुसरीकडे कुणी करून देत असेल तर त्यांना एकदा विचारा, पडद्याची वॉरंटी देता का.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालूनही गॅसवर जात नसेल तर मात्र तक्रार खरी आहे. तेव्हा आम्ही पहिल्यांदा थर्मोस्टॅट बघतो, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून अनेक गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन कधी पुरतं तापतच नाही, रिड्यूसरही नाही. पेट्रोल जास्त जातं, इंजिन ऑइल लवकर खराब होतं, आणि नाव किटचं होतं. तसंच रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नका. गंजाचा गाळ रिड्यूसरच्या बारीक वाटेत साचतो आणि गरम कूलंट फिरणंच थांबतं. ठरलेल्या प्रमाणातलं कूलंटच घाला.

रात्री फुल, सकाळी कमी

पंपावर झपाट्याने गॅस भरताना सिलिंडर तापतो. काटा दाब दाखवतो, वजन दाखवत नाही. रात्रभर सिलिंडर निवला की आतला दाब उतरतो आणि काटा एखादी खूण खाली येतो. गॅस तेवढाच असतो. निफाडच्या सहा-सात अंशांच्या पहाटे हा फरक चांगलाच दिसतो. गळती असेल तर वास येतो, कारण त्यासाठीच गॅसमध्ये उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. वास आला तर मात्र सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, काचा उघडा, गाडी मोकळ्या जागी ढकलत न्या, आणि स्टार्टर न मारता आम्हाला फोन करा.

घाट, लांबचा प्रवास आणि हिमाचल

गॅस हवेची जागा व्यापतो, त्यामुळे गॅसवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. कसारा घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना खुशाल पेट्रोलवर घ्या. किटला त्याने काही होत नाही, उलट पेट्रोलची बाजू वापरात राहते. मे महिन्यात मनाली किंवा डिसेंबरात शिमला असा बेत असेल तर डोंगरात गॅस मिळेल या भरवशावर निघू नका. पेट्रोल टाकी फुल ठेवा, आणि निघण्यापूर्वी कूलंटचं प्रमाण तपासून घ्या. पाणी जास्त असलेलं कूलंट उभ्या गाडीत गोठलं तर रेडिएटरच नाही, इंजिनचा ब्लॉकही तडकू शकतो.

पुढची गाडी कुठल्या इंधनाची घ्यावी?

हे आम्हाला रोज विचारलं जातं. आम्ही सीएनजीचं काम करतो, तरी जे माहीत आहे ते सरळ सांगतो.

इथेनॉलवर ब्राझील फार आधी गेला. तिथे 1970च्या दशकात सरकारी योजना सुरू झाली आणि 1979 मध्ये फियाट 147 ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी गाडी बाजारात आली. अडचण थंडीचीच होती. पारा पंधरा अंशांच्या खाली गेला की शुद्ध इथेनॉलची पेटण्याइतकी वाफ होत नाही. म्हणून तिथल्या गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असायची, फक्त सकाळी सुरू करण्यापुरती. ती रिकामी राहिली किंवा त्यातलं पेट्रोल शिळं झालं की गाडी अडायची. 2009 नंतर इंधन आधी गरम करून देणारी यंत्रणा आली आणि ती छोटी टाकी हळूहळू गेली. स्वीडनमध्ये 85 टक्के इथेनॉलच्या इंधनात हिवाळ्यात मुद्दाम पेट्रोल वाढवतात. आपल्याकडे 20 टक्क्यांच्या मिश्रणाने थंडीत सुरू व्हायला अडचण येत नाही, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं. आपल्या उसाच्या भागाला या इंधनाचा फायदा आहे आणि तो व्हावाच. गाडी मात्र त्या मिश्रणासाठी बनवलेली हवी. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील तपासून घ्या, ते आम्ही करून देतो.

एलपीजीत ब्युटेन आणि प्रोपेन असतं. ब्युटेन शून्याच्या आसपास उकळतं, म्हणजे त्याखाली त्याची वाफच होत नाही. थंड देशांत म्हणून हिवाळ्यात प्रोपेन वाढवतात. आपल्याकडे ऑटो एलपीजीचे पंप मोजके, त्यामुळे नवीन किटसाठी आम्ही ते सुचवत नाही.

विजेची गाडी थंडीत चालत नाही, हा समज चुकीचा आहे. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ पूर्णपणे विजेवरच्या होत्या. कडाक्याच्या थंडीत पल्ला कमी होतो आणि चार्जिंग हळू होतं, हे मात्र खरं. बॅटरी गार असते आणि गाडीतल्या हीटरलाही तीच वीज लागते. नाशिक-पुण्याच्या हवेला ही काळजी नाही. घरात स्वतःचं पार्किंग आणि चार्जिंग असेल, रोजचा प्रवास ठरलेला असेल तर जरूर विचार करा. वाड्यात किंवा रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला आजही सीएनजीच सोयीचं पडतं.

डिझेलबद्दल एवढंच की फार थंडीत त्यातलं मेण गोठतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणाने.

आमच्याकडे येताना

ट्यूनिंगला येताना टाकीत किमान दहा लिटर पेट्रोल घालून या. गॅसचं कॅलिब्रेशन करताना गाडी आधी गरम करून पेट्रोलवर चालवावी लागते. पेट्रोल इंजेक्टर किती वेळ उघडतो ते वाचून त्यावर गॅसचं गणित बसवलं जातं. टाकी रिकामी किंवा पेट्रोल शिळं असेल तर ते वाचनच चुकतं, आणि तुम्हाला पुन्हा यावं लागतं. रिझर्व्हवर आलेली गाडी आम्ही आधी पंपावर पाठवतो, त्याचा राग मानू नका.

तपासणीचे पैसे आम्ही आकारतो, दोष किटचा नसला तरी. लॅपटॉप, गेज आणि जाणकार मेकॅनिकचा वेळ लागतो. आमच्याकडे बसवलेल्या किटची वॉरंटीतली तपासणी विनामूल्य आहे. दुसरीकडून आणलेला जुना सिलिंडर आम्ही बसवत नाही, कितीही स्वस्त पडला तरी. पेसो, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था, हिची मान्यता असलेला सिलिंडरच बसवतो. त्याची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची मजबुती तपासणं, दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटली की पंपावर गॅस मिळत नाही, म्हणून पाटीवरचं वर्ष आजच बघून ठेवा. टेस्टसाठी सिलिंडर काढणं, पाठवणं आणि परत बसवणं आम्ही करतो. आधी कळवलंत तर गाडी फार दिवस अडकत नाही.

आरसीवर इंधनाची नोंद आणि विम्यात किटचा उल्लेख झालेला नसेल तर तेही सांगा. अपघाताच्या दाव्यात अडचण इथेच येते. कागदपत्रांचं काम आमचा माणूस आरटीओत करून आणतो.

हिवाळ्यापूर्वीची तपासणी दसऱ्यापासून सुरू असते. त्यात प्लग, एअर फिल्टर, गॅस फिल्टर, कूलंट, थर्मोस्टॅट, साबणाच्या पाण्याने सर्व जोडांची गळती आणि पेट्रोल-गॅस दोन्हींवरचं ट्यूनिंग होतं. येताना आरसीची प्रत, हायड्रोटेस्टचं प्रमाणपत्र आणि किटचं वॉरंटी कार्ड सोबत आणा. इंजिन थंड असताना गाडी कशी सुरू होते हे आम्हाला बघायचं असतं, त्यामुळे शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच गाडी सोडून जा.