इम्पोर्टेड मागचा बंपर बसवायचाय? ऑर्डर देण्याआधी आरटीओचं बघून घ्या

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आरटीओचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, बंपरच तर आहे, कोण बघतंय?" बघतात. फक्त रोज बघत नाहीत. अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतो तेव्हा, गाडी विकायला काढता तेव्हा, किंवा पंधरा वर्षं झाली म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेता तेव्हा बघतात. म्हणजे नेमकं तुम्ही अडलेले असताना.

तेव्हा थायलंडचा किंवा जपानचा बंपर मागवण्याआधी एक गोष्ट ठरवा. हा बंपर गाडीचा फक्त चेहरा बदलणार आहे, की हाडं-मासही?

हा फरक मी मनाने काढलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. 'बदल' म्हणजे काय तेही तिथेच आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं आणि त्यानंतर आरटीओ कार्यालयांनी हात आखडता घेतला. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला, त्यात बाहेरून पार्ट बसवणंही आलं, तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता बंपरांकडे येऊ. पहिला प्रकार प्लास्टिक किंवा फायबरच्या कव्हरचा: कंपनीच्याच मापाचा, कंपनीच्याच क्लिपांवर बसणारा, आतली लोखंडी पट्टी जागेवर ठेवणारा. यात आरसीवरचं काहीच हलत नाही. वजन, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, सगळं तसंच. गाडीच्या रंगातच रंगवला तर रंगाचा रकानाही शाबूत. यासाठी कलम ५२ खाली नोंद करायला काही उरतच नाही, पण बिल मात्र जपून ठेवा.

दुसरा प्रकार ऑफ-रोडवाल्यांचा लाडका, जाड पत्र्याचा, टो-हूक आणि वर जेरीकॅनचं स्टँड असलेला. याने गाडीचं रिकामं वजन वाढतं, लांबी वाढू शकते आणि मागून धडक बसल्यावर आधी काय दबणार हेही बदलतं. हा सरळ सरळ बदल आहे. यासाठी "परवानगी काढून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या मंजुरीच्या जोरावर? माझ्या मते खासगी गाडीच्या बाबतीत याचं समाधानकारक उत्तर क्वचितच मिळतं.

तिसरा प्रकार मूळ बंपरवर बाहेरून लावायचा गार्ड. त्यावर वेळ घालवू नका. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे की असे क्रॅश गार्ड आणि बुल बार कलम ५२ चा भंग ठरतात.

पहिल्या प्रकारातही एक मेख आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये रिव्हर्स पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत, आणि ते बसवलेले असतात मागच्या बंपरमध्येच! परदेशी बाजारासाठी बनवलेल्या बंपरला ती भोकं असतीलच असं नाही. असली तरी आपल्या सेन्सरच्या उंचीला आणि कोनाला ती जुळतील असंही नाही. वायर गुंडाळून आत कोंबली की कायद्याने दिलेली सुरक्षा तुम्ही स्वतःच्या हाताने काढलीत. रिफ्लेक्टरचं तेच. जिम्नीसारख्या गाडीत तर मागचे दिवेच बंपरमध्ये आहेत. तिथे बंपर बदलणं म्हणजे ब्रेक लाइट आणि इंडिकेटरही उपटणं. नंबरप्लेट बंपरवर असेल तर आणखी एक काम वाढतं. एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं, स्नॅप लॉक एकदाच वापरायचं असतं. काढताना ते तुटतं, आणि प्लेट दोऱ्याने किंवा साध्या स्क्रूने बांधून चालत नाही. अधिकृत विक्रेत्याकडूनच ती पुन्हा बसवून घ्यावी लागते.

"एआरएआय अप्रूव्ह्ड आहे" हे वाक्य तर पुण्यात हमखास ऐकायला मिळतं, कारण वाहनांची चाचणी करणारी ती संस्था इथेच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. ती चाचणी करून प्रमाणपत्र देते ते गाडी किंवा पार्ट बनवणाऱ्याला, तुमच्या-माझ्या एका गाडीला नाही. दुकानदाराला प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का ते वाचा. बहुतेक ठिकाणी इथेच विषय बदलतो.

समजा बदल नोंदवायचाच आहे. अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीच्या कार्यालयात होतो: शहरात राहणाऱ्यांचं संगम पुलाजवळचं एमएच-१२, पिंपरी-चिंचवडकरांचं एमएच-१४. सुरुवात परिवहनच्या संकेतस्थळावर होते. वाहन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकायचे, ओटीपी घ्यायचा, 'ऑल्टरेशन' ही सेवा निवडून शुल्क भरायचं. मोबाइल नंबर आरसीशी जोडलेला नसेल तर गाडी तिथेच अडते, म्हणून ते आधी करून घ्या. मग कागद आणि प्रत्यक्ष गाडी तपासणीला. कायद्यात आधी मंजुरी न घेता केलेला बदल चौदा दिवसांत कळवण्याचीही तरतूद आहे. पण तिचा अर्थ 'आधी बसवा, मग बघू' असा लावू नका. जो बदल मुळात चालतच नाही, तो कळवल्याने चालू लागत नाही.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चेसिसची पेन्सिल प्रिंट (चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा) ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र लागतं. ते मिळायला बंपर यायला लागतो त्याहून जास्त दिवस लागू शकतात, तेव्हा त्याची सुरुवात आधी करा. बंपरचं बिल, बसवणाऱ्या गॅरेजचं जीएसटी बिल आणि वजनाचा प्रश्न निघाला तर वजनकाट्याची पावती हेही फाइलला असू द्या.

आयातीचे कागद वेगळे. स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू मागवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्यांचा कोड नंबर, लागत नाही, पण कुरिअरवाला केवायसी मागतोच. बंपर सीमाशुल्काच्या ८७०८ १० या शीर्षकात येतो. शुल्क नुसत्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसतं. आणि वाहतूकच इथे खिसा कापते, कारण एअर कुरिअर वजन मापावरून धरतात. १६० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरचा खोका घ्या, गुणाकार करून ५,००० ने भागा, ८० किलो येतात. आतला बंपर जेमतेम सहा किलोचा असला तरी. माझ्या एका मित्राने वीस हजारांचा बंपर मागवला आणि विकणाऱ्याने बिलावर किंमत मुद्दाम कमी लिहिली. कस्टम्सने पैसे भरल्याचा पुरावा मागितला आणि खोका दोन आठवडे मुंबईत पडून राहिला. खरी किंमत लिहायला सांगा आणि बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे भरलेली आयातीची नोंद) आरसीइतकीच सांभाळा. पुढे विमा कंपनीला बंपरची किंमत दाखवायला तीच उपयोगी पडते.

विमा कंपनीला बसवल्याबरोबर ईमेलने कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून मागा. फोनवर "चालेल सर" म्हणालेल्या माणसाचं नाव क्लेमच्या वेळी कुणालाच आठवत नाही. वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरकडूनही आधी लेखी घ्या, विशेषतः सेन्सरच्या वायरिंगबद्दल.

आणि काढलेला मूळ बंपर जुन्या बाजारात फुंकू नका. माळ्यावर जागा करा, आतल्या क्लिपा आणि स्क्रू एका पिशवीत भरून त्यालाच बांधून ठेवा. तपासणीच्या आदल्या रात्री त्या क्लिपा शोधत हिंडायची वेळ येऊ नये.