डीएसएलआर कॅमेरा कधी घ्यावा, कधी बदलावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाजारात नवे मॉडेल आले की आपला डीएसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणारा व लेन्स बदलता येणारा कॅमेरा, बदलावा का, असा प्रश्न घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. त्याचे उत्तर नव्या मॉडेलच्या जाहिरातीत नव्हे, तर स्वतःच्या फसलेल्या छायाचित्रांत शोधावे, असे आम्ही त्यांना आग्रहाने सांगतो. जे छायाचित्र आपल्याला हवे आहे, पण हाताशी असलेल्या साधनांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही मिळत नाही, ते नेमके कोणते हे ज्यांना सांगता येते, त्यांच्यासाठी खरेदीची वेळ आलेली असते. ज्यांना ते सांगता येत नाही, त्यांनी थांबण्यातच त्यांचे हित आहे.

यासाठी फसलेली छायाचित्रे संगणकावर उघडावीत आणि प्रत्येकासोबत नोंदली गेलेली माहिती, म्हणजे शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ व फोकल लेंथ, तपासून पाहावी. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधील प्रकाशाची वाट, तिचा एफ/ आकडा जितका लहान तितकी ती मोठी; आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, ती वाढवली की चित्रात दाणे उमटतात; फोकल लेंथ म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते ते मिलिमीटरमध्ये सांगणारा आकडा. रंगमंचावरील नृत्याचे एक छायाचित्र घेऊ. नर्तकीचे हात पुसट झाले आहेत, सावल्यांमध्ये रंगीत दाणे उमटले आहेत, आणि नोंदीनुसार कॅमेऱ्यासोबत मिळालेली 18-55 ची लेन्स 55 मिलिमीटरवर, अ‍ॅपर्चर एफ/5.6, वेग 1/60 सेकंद आणि आयएसओ 6400 आहे. असे छायाचित्र पाहून कॅमेरा जुना झाला असेच बहुतेकांना वाटते. वास्तविक येथे प्रकाश कमी पडला आहे आणि त्याला वाट अपुरी मिळते आहे ती लेन्समधून. त्याच बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) 50 मिलिमीटर एफ/1.8 ही लेन्स लावली, तर सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पृष्ठभागावर, जवळजवळ दहापट प्रकाश पोहोचतो, वेग 1/250 सेकंदावर नेता येतो आणि तरीही आयएसओ 2500 पर्यंत खाली आणता येतो. इतक्या मोठ्या अ‍ॅपर्चरवर स्पष्ट दिसणारा भाग मात्र फार अरुंद होतो, म्हणून फोकस चेहऱ्यावर अचूक साधण्याचा सराव करावा लागतो. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते, त्यामुळे बॉडी बदलण्याचा विचार करणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी तीच लावून पाहायला सांगतो.

बॉडीच कमी पडते अशीही ठोस लक्षणे आहेत. उडत्या पक्ष्यावर चांगली लेन्स रोखूनही फोकस सतत मागे राहत असेल, सलग छायाचित्रे घेताना बफर (कॅमेऱ्यातील तात्पुरती साठवण) भरून ऐन क्षणी कॅमेरा थांबत असेल, किंवा मुलाखतींचे चित्रीकरण करायचे असून बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोयच नसेल, तर बॉडी बदलणे योग्य ठरते. मोबदला घेऊन समारंभांचे काम करणाऱ्यांनी तर दोन कार्डांवर एकाच वेळी छायाचित्रे साठवणारी बॉडीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण कार्ड निकामी झाले तर तो प्रसंग पुन्हा टिपता येत नाही.

केवळ मेगापिक्सेल वाढवण्यासाठी बदल करणे क्वचितच फायद्याचे असते. 24 मेगापिक्सेलच्या छायाचित्रात 6000 गुणिले 4000 पिक्सेल असतात आणि इंचाला 300 ठिपके या दराने त्यातून 20 इंच रुंद व 13 इंच उंच छपाई उत्तम होते. निकॉन डी850 चे 45 मेगापिक्सेल हे आकडा म्हणून जवळजवळ दुप्पट वाटतात, पण प्रत्यक्षात रुंदी 8256 पिक्सेल, म्हणजे सुमारे 38 टक्केच वाढते. फाइली मात्र त्या आकड्याच्याच प्रमाणात मोठ्या होतात, आणि मग कार्डे, हार्ड डिस्क आणि कधीकधी संगणकही बदलावा लागतो.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याकडे वळताना लेन्सचा हिशेब आधी मांडावा. 36 गुणिले 24 मिलिमीटरचा हा सेन्सर एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरच्या सव्वादोनपटींहून मोठा असल्याने कमी प्रकाशात साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका, लाभ मिळतो आणि तो खरोखर मोलाचा आहे. पण कॅनॉनच्या एपीएस-सीसाठीच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतात, तरी कॅमेरा चित्राचा मधलाच भाग वापरतो आणि 24 मेगापिक्सेलपैकी जेमतेम साडेदहा हाती लागतात. बॉडीसाठी सगळी शिल्लक खर्च करून जुन्याच लेन्सवर काम भागवायचे असेल, तर हा बदल तूर्त टाळावा.

डीएसएलआर प्रथमच घेणाऱ्यांना एक वस्तुस्थिती माहीत असायला हवी. कॅनॉन आणि निकॉन यांनी 2018 मध्ये मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे आरएफ आणि झेड हे नवे माउंट (लेन्स बसवण्याच्या जोडण्या) आणले, आणि 2020 मधील ईओएस-1डी एक्स मार्क 3 व डी6 यांच्यानंतर या दोघांनी व्यावसायिक दर्जाचा नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्सने मात्र 2021 मध्ये के-3 मार्क 3 आणून ही परंपरा पुढे चालवली. याचा अर्थ डीएसएलआर निरुपयोगी झाला असा मुळीच नाही. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा, कॅनॉनचा ईएफ 1987 पासूनचा. त्यामुळे वापरलेल्या उत्तम लेन्स विपुल मिळतात, आरशातून थेट दिसणारे दृश्य डोळ्यांना सुखाचे असते आणि बॅटरी दीर्घकाळ पुरते. शिकण्यासाठी किंवा मर्यादित खर्चात दर्जेदार काम करण्यासाठी आम्ही आजही डीएसएलआरची शिफारस करतो. सुटे भाग पुढे दुर्मिळ होत जातील, हे मात्र गृहीत धरावे. पुढे मिररलेसकडे जाण्याचा विचार असेल, तर लेन्स निवडतानाच काळजी घ्यावी : कॅनॉनच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकससह चालतात, परंतु स्वतःची मोटर नसलेल्या निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर हातानेच फोकस करावे लागते. निकॉनच्या डी3500 आणि डी5600 या बॉडींवरही त्यांची तीच अडचण होते.

वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा चालले आहे, हे विचारावे. प्राथमिक श्रेणीतील बॉडींचे शटर साधारण एक लाख वेळा, डी850 चे दोन लाख वेळा चालेल अशी चाचणी घेतलेली असते. ही हमी नव्हे. काही शटर आधी बिघडतात, काही कितीतरी अधिक चालतात. त्यानंतर एफ/16 अ‍ॅपर्चर ठेवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे. सेन्सरवरील धूळ त्यात काळसर ठिपक्यांच्या रूपाने दिसते आणि ती साफ करता येते. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, ते पाहावे. दिसल्यास ती बुरशी असते. ती काढून टाकली तरी काचेवरील लेपावर उमटलेले व्रण अनेकदा राहतात, म्हणून अशी लेन्स कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये.

सल्ल्यासाठी येताना आपला कॅमेरा, सर्व लेन्स आणि फसलेल्या छायाचित्रांच्या मूळ फाइली सोबत आणाव्यात. मोबाइलवर पाठवलेल्या प्रतींमधून नोंदलेली माहिती बहुधा गळून गेलेली असते.